उंची फॅशनची कातरण, मर्यादित आवृत्ती आणि माझे वीस फलक: आकडा ठरवायचा कुणी?

कातरणवेडी

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज बसलेच. धागा लांबणार आहे, सांभाळून घ्या.

गेले आठ महिने एका कार्यशाळेतली चामड्याची कातरण माझ्याकडे येते आहे. तिथे एका उंची ब्रँडच्या बॅगा शिवल्या जातात. ब्रँडचं नाव कुठेही घ्यायचं नाही, या बोलीवर पोती मिळतात, म्हणून इथेही घेत नाही. पोत्यात तळहाताहून मोठा तुकडा क्वचितच निघतो. बाकी सगळ्या जिभेसारख्या लांब पट्ट्या, अर्धचंद्र आणि दोन साच्यांच्या मध्ये उरलेले विचित्र त्रिकोण. पण माल पहिल्या दर्जाचा आहे. हात फिरवला की कळतं.

एक तुकडा मी कामाच्या टेबलावर कायमचा ठेवलाय. गडद हिरवं वासराचं चामडं, वीतभर लांब. त्याच्या मधोमध एक बारीक फिकी रेघ आहे. जनावर कधीतरी काटेरी तारेला घासलं असणार आणि जखम भरून आली असणार. कापणाऱ्या कारागिराने ती रेघ पाहिली आणि साचा तिथून बाजूला सरकवला, एवढ्यावर हा तुकडा पोत्यात आला. मला तर सगळ्या पोत्यात तोच सर्वात सुंदर वाटतो.

यातून मी प्लायवूडवर तुकडे जोडून भिंतीवरचे फलक केले. पानांच्या आकाराचे, हिरव्याच्या सात छटांमध्ये. 'मर्यादित आवृत्ती, वीस नग' असं जाहीर केलं आणि प्रत्येकामागे १/२०, २/२० असे आकडे घातले. वीस का? काही कारण नव्हतं. वीस बरं दिसतं म्हणून.

बाराव्या फलकाच्या मध्यावर गडद हिरवं संपलं. पुढच्या पोत्यांत तो रंग आलाच नाही. मी काय केलं, तर बाजारातून त्याच छटेचं नवं चामडं विकत आणलं आणि वीस पूर्ण केले. उरलेल्या मालाची कलावस्तू पूर्ण करायला नवा माल! पहिले चौदा विकले गेले आहेत. म्हणजे १२, १३ आणि १४ क्रमांकाचे फलक घेतलेल्या तिघांना मी जे सांगितलं ते खरं नव्हतं. हे मला झोपू देत नाहीये.

त्यात भर म्हणजे पाचसहा फलकांवरच्या पानांची टोकं दोन महिन्यांत वर उचलली गेली आहेत. नामांकित डिंक वापरला होता, पृष्ठभाग खरवडून घेतला होता, तरीही.

तर तीन प्रश्न. आवृत्तीचा आकडा कसा ठरवायचा? चामडं टिकेल असं जोडायचं कसं? आणि ब्रँडचं नाव घ्यायला परवानगी असती, तर ते घ्यावं का?

दोन_सुया

ताई, आधी डिंकाचं बोलतो, कारण ते माझं रोजचं काम आहे.

तुमच्या पोत्यात दोन जातींचं चामडं मिसळलेलं असणार. एक क्रोमच्या क्षारांनी कमावलेलं, दुसरं झाडांच्या सालीतल्या टॅनिनने. ओळखायला सोपं आहे. ताजी कड कापून बघा. आतला गाभा निळसर-राखाडी दिसला तर बहुधा क्रोमचं. रंगाचा थर नसलेल्या भागावर पाण्याचा थेंब टाका. सालीचं चामडं थेंब पिऊन लगेच काळवंडतं, क्रोमचं सहसा सावकाश. काही जण जाळून राखेचा रंग बघतात, ते घरात अजिबात करू नका. क्रोमचा धूर वाईट.

दोन्हींचा स्वभाव वेगळा. सालीचं चामडं ओलं करून साच्यावर बसवलं की वाळल्यावर तो आकार धरून ठेवतं. क्रोमचं मऊच राहतं, परत मूळ जागी येतं. शिवाय पाठीचं चामडं घट्ट, पोटाचं सैल, ते ओढलं की लांबतं. तुम्ही पाठ, पोट, मान सगळं शेजारी शेजारी एकाच कडक फळीवर चिकटवलंत. हवेतला दमटपणा वाढला-घटला की प्रत्येक तुकडा आपापल्या दिशेला हलणार आणि फळी त्याला हलू देणार नाही. मग टोक उचललं जाणारच. डिंकाचा दोष नाही.

उपाय दोन. पहिला, शिवण. एकच मेणाचा दोरा, दोन टोकांना दोन सुया, आरीने भोक पाडायचं आणि दोन्ही सुया एकाच भोकातून समोरासमोरून काढायच्या. एका बाजूचा दोरा झिजून तुटला तरी दुसरा टाका धरून ठेवतो. शिवण्याआधी तुकड्याची कड रापीने मागच्या बाजूने तासून पातळ करा, म्हणजे जोडावर उंचवटा येत नाही.

दुसरा उपाय, गुंतवण. ब्रिटनमधली एल्विस अँड क्रेस ही संस्था २००५ पासून आगीच्या बंबांचे निकामी पाइप घेऊन पट्टे-पिशव्या करते. २०१७ मध्ये त्यांनी बर्बेरी या उंची ब्रँडच्या फाउंडेशनशी पाच वर्षांचा करार केला, निदान १२० टन चामड्याची कातरण वापरायची असा. त्यांची युक्ती शिकण्यासारखी आहे. लहान तुकड्यांतून ठरावीक आकार कापायचे, असे की ते एकमेकांत अडकतात. कातरण कितीही वेडीवाकडी असो, तिच्यातून तो छोटा आकार निघतोच. अडकवत गेलात की हवं तेवढं मोठं कापड तयार, आणि उद्या एक तुकडा खराब झाला तर तेवढाच काढून बदलता येतो.

आकड्याचं दुसऱ्या कुणी सांगावं. मला एवढंच वाटतं, की ज्या दिवशी बाजारात गेलात त्या दिवशी ती आवृत्ती संपली होती.

पदरकाठ

कातरणवेडी, एवढं मोकळेपणाने लिहिलंत, मनापासून आवडलं.

तुमच्या पोत्यांत कधी रेशीम आलं तर म्हणून थोडं लिहून ठेवते. जुनी वस्त्रं जपण्याचं काम मी करते. रेशमाला दोन शत्रू, उजेड आणि घडी. खिडकीसमोर टांगलेलं रेशीम रंगाने उडतं, ते दिसतं तरी. आतला धागा ठिसूळ होतो ते दिसत नाही, आणि एक दिवस घडीवरच चिरतं. डिंक लावलात तर रेशीम कडक होतं आणि डाग पुढे येतो. मागे सुती अस्तर घ्या आणि केसाएवढ्या बारीक रेशमी धाग्याने लांब-लांब टाक्यांनी त्यावर धरा. काच लावणार असाल तर अतिनील किरण अडवणारी लावा, आणि रेशीम काचेला टेकू देऊ नका.

एर्मेस या फ्रेंच उंची घराण्याचे चौकोनी रेशमी रुमाल १९३७ पासून निघतात, नव्वद सेंटिमीटरचे. छपाईत प्रत्येक रंगाची जाळी वेगळी असते. अशाच एका उंची छपाईतला बाद तुकडा मी हातात घेऊन पाहिलाय. काळी बाह्यरेषा सुईच्या नेढ्याएवढी सरकली होती, बस. घोड्याच्या डोळ्याभोवती त्यामुळे पांढरी कोर आली होती आणि घोडा दचकल्यासारखा दिसत होता. विक्रीसाठी तो बाद. पण चौकटीत लावायला तुम्ही त्या कापडातला कोणता भाग निवडाल? मी तोच डोळा निवडेन.

उलटतपासणी

धागा छान चाललाय, त्यात मिठाचा खडा टाकायचा हेतू नाही. पण हे बोललं गेलंच पाहिजे.

उंची ब्रँडनी उरलेल्या मालाचं वर्षानुवर्षं काय केलं ते आठवा. बर्बेरीने २०१७-१८ या एका आर्थिक वर्षात २ कोटी ८६ लाख पौंडांचा माल नष्ट केला. हा आकडा त्यांच्याच वार्षिक अहवालातला. २०१८ मध्ये त्यावर ओरड झाली आणि त्याच सप्टेंबरमध्ये त्यांनी न विकलेला माल नष्ट करणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. का करत होते? माल स्वस्तात बाहेर गेला तर नावाची किंमत उतरते म्हणून. दुर्मिळता राखण्यासाठी जाळणं, आणि आता त्याच दुर्मिळतेच्या नावाने 'फक्त वीस नग'. मला या दोन्हींत एक नातं दिसतं.

फ्रान्सने २०२० मध्ये कायदा केला. अन्न सोडून इतर न विकलेल्या वस्तू नष्ट करण्यावर तिथे २०२२ पासून टप्प्याटप्प्याने बंदी आली. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे मोठ्या कंपन्यांना न विकलेले कपडे आणि पादत्राणं नष्ट करायला १९ जुलै २०२६ पासून मनाई आहे, मध्यम कंपन्यांना २०३० पासून. पण नीट वाचा: हे सगळं तयार, न विकल्या गेलेल्या वस्तूंबद्दल आहे. कापताना पडलेली कातरण यात येत नाही. म्हणजे कातरणवेडींच्या पोत्यातल्या मालाला अजून कुणी वाली नाही. अशा वेळी एखादं घराणं चार सुंदर वस्तू दुकानाच्या काचेत मांडतं आणि आपण भारावून जातो. मागच्या दाराने किती गेलं ते कुणी विचारत नाही.

दोन_सुया

उलटतपासणी, तुमचा राग समजतो आणि बराचसा पटतोही. पण एक गोष्ट कारागिराच्या बाजूने बघा.

एर्मेसमध्ये २०१० साली पास्काल म्यूसार यांनी 'पेती आश' नावाचा उरलेल्या मालाचा विभाग सुरू केला. त्या त्याच घराण्यातल्या, सहाव्या पिढीच्या. पॅरिसलगतच्या पाँतँमध्ये त्याची कार्यशाळा आहे. नेहमी आधी चित्र निघतं आणि मग त्याला हवा तसा माल शोधला जातो. इथे उलटं. चामडं, रेशीम, सँ-लुईची स्फटिककाच, प्वीफोर्काची चांदी, या सगळ्यातलं उरलेलं आणि नाकारलेलं समोर मांडायचं आणि कलाकार-कारागिरांनी त्याच्याकडे बघत बसायचं. वस्तू मग सुचते.

आयुष्यभर दुसऱ्याच्या साच्याबरहुकूम कापणाऱ्या हाताला 'या तुकड्यातून काय होईल' असा प्रश्न विचारला जाणं ही लहान गोष्ट नाही. मी वीस वर्षं साच्यावर काम केलंय. मला तो प्रश्न एकदाही कुणी विचारला नाही. टनांचा हिशेब यातून सुटत नाही, मान्य. त्यासाठी एल्विस अँड क्रेससारखं काम लागेल, किंवा एलव्हीएमएच या उंची ब्रँडांच्या समूहाने २०२१ मध्ये सुरू केलेल्या नोना सोर्ससारखं, जिथे त्यांच्या घराण्यांतलं शिल्लक कापड-चामडं इतरांना विकलं जातं. पण कलावस्तूचं काम वेगळं आहे. तो तारेचा ओरखडा दोष आहे की खूण, हे एकदा लोकांच्या डोळ्यांना कळलं, तर कापणारा पुढच्या वेळी साचा सरकवताना थांबेल. कातरणच कमी होईल.

उलटतपासणी

हा शेवटचा मुद्दा मी ऐकला नव्हता. विचार करतो. तरी पोत्याचं वजन लिहून ठेवा ताई. किती आलं, किती वापरलं, किती तुमच्याकडूनही फेकलं गेलं. ते विकताना सांगा.

नोंदवही

तिसऱ्या प्रश्नावर लिहितो. व्यापारचिन्हांचं, म्हणजे ट्रेडमार्कचं, थोडंफार काम केलंय. प्रत्येक देशाचा कायदा वेगळा आहे, त्यामुळे हे सल्ला म्हणून नको, दिशा म्हणून घ्या.

अमेरिकेतली दोन उदाहरणं समजून घेण्यासारखी आहेत. १९४७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयापुढे चॅम्पियन कंपनीच्या जुन्या स्पार्क प्लगांचं प्रकरण आलं. एक जण ते दुरुस्त करून मूळ नावासह विकत होता. न्यायालयाने नाव राहू दिलं, पण वस्तू वापरलेली वा दुरुस्त केलेली आहे हे तिच्यावर स्पष्ट दिसलं पाहिजे म्हणाले. पुढे व्हॉर्टिक नावाच्या छोट्या कंपनीने जुन्या हॅमिल्टन खिशाघड्याळांची यंत्रं काढून मनगटी घड्याळं केली. हॅमिल्टनने दावा लावला. २०२१ मध्ये अपील न्यायालयाने व्हॉर्टिकच्या बाजूने निकाल दिला. काय जुनं, काय नवं, कुणी केलं, हे त्यांनी घड्याळावर आणि जाहिरातीत उघड सांगितलेलं होतं, हे त्यात महत्त्वाचं ठरलं.

दुसऱ्या बाजूला, त्याच २०२१ मध्ये शनेल या फ्रेंच फॅशन घराण्याने शिव्हर अँड ड्यूक या दागिने करणाऱ्या कंपनीवर दावा लावला. ते शनेलच्या कपड्यांची बटणं काढून त्यांचे दागिने करत. तिथे दागिन्याचा चेहराच शनेलचा लोगो, ते गुंफलेले दोन 'सी', होते.

फरक लक्षात येतोय ना? लोगो हाच वस्तूचा जीव असेल तर तुम्ही दुसऱ्याचं नाव विकताय. तुमच्या फलकात लोगो कुठेच नाही, पानं आहेत. मी तर म्हणेन, नाव घेता येत नाही ही अट तुमच्या पथ्यावर पडली.

आणखी एक. पोत्यात मगर, सुसर किंवा अजगराचं कातडं निघालं तर ते बाजूला ठेवा. वन्य प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा सायटीस करार १९७५ पासून लागू आहे. वीतभर पट्टी असली तरी सीमेपलीकडे न्यायची तर कागदपत्रं लागू शकतात.

ठसेकाम

मी छापचित्रं करते, म्हणून आकड्याबद्दल. 'आवृत्ती' हा शब्द आमच्याकडे छापखान्यातून आला आणि त्याच्यामागे एक सक्ती होती. तांब्याच्या पत्र्यावर बारीक सुईने काढलेल्या रेघा दाबाखाली झिजतात. अमुक ठशांनंतर पत्रा दमतो. आकडा त्या दमण्यातून यायचा. पुढे आवृत्ती संपली की पत्र्यावर आडवा ओरखडा मारायची पद्धत पडली, परत कुणी छापू नये म्हणून. पहिल्यांदा तो ओरखडा मारताना माझे हात कापले होते. पण त्यानेच ७/२० या आकड्याला वजन येतं.

तुमच्याकडे पत्र्याच्या जागी पोतं आहे. गडद हिरवं संपलं, तोच तुमचा ओरखडा. तो आकडा तुम्ही ठरवायचाच नव्हता, तो तुम्हाला कळायचा होता. काम संपल्यावर मागे आकडे घाला, आधी नको.

मर्जिएला या फॅशन घराण्याच्या 'आर्टिझनल' कामात, म्हणजे जुन्या वस्तूंपासून हाताने केलेल्या कपड्यांत, हे फार स्वच्छ दिसतं. नव्वदीच्या सुरुवातीला त्यांनी सैनिकांच्या जुन्या मोज्यांपासून स्वेटर केला. मोज्याची टाच मुळातच फुगीर विणलेली असते, तर ती बरोबर कोपरावर आणि छातीवर आणली. तो फुगवटा त्यांना निर्माण करावा लागला नाही, मोज्यातच होता. मिऊ मिऊ या इटालियन ब्रँडने २०२० मध्ये ८० जुने पोशाख घेऊन नव्याने सजवले, १९३० ते १९८० च्या दशकांतले, प्रत्येकाला स्वतंत्र क्रमांक. तिथे दोन नग सारखे असूच शकत नव्हते. तुमचेही नसतात. मग वीस 'सारखे' करायचा हट्ट कशाला? हिरव्या छटा सात असल्या काय आणि चार असल्या काय.

आणि कलावस्तू म्हणून जमलंय का, याची माझी एक चाचणी आहे. पिकासोचं १९४२ चं 'बैलाचं डोकं' बघा. सायकलची चामडी सीट आणि हँडल, दोनच वस्तू. आपल्याला बैल दिसतो, आणि त्याच क्षणी सीटही दिसत राहते. एकाने दुसऱ्याला पुसलं नाही. घानाचे एल अनात्सुई दारूच्या बाटल्यांची झाकणं चपटी करून तांब्याच्या तारेने जोडतात, भिंतभर झुलणारं सोनेरी वस्त्र होतं. जवळ गेलं की झाकणावरचा छापही वाचता येतो. २०१५ मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिक कलाप्रदर्शनात त्यांना जीवनगौरवाचा सुवर्णसिंह मिळाला.

तुमच्या फलकातल्या पानांत ती अर्धचंद्री कातरण ओळखू येते का? की तुम्ही तिला कापून नीट पान केलंत?

कातरणवेडी

ठसेकाम ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नाने दोन दिवस गप्प बसवलं. हो, कापून नीट पान केलं होतं. प्रत्येक तुकड्यातून पान काढताना कातरणीचीही कातरण पडत होती. काल तराजू काढला. उलटतपासणी, हे तुमच्यासाठी: फलकांना वापरलेल्या पोत्यातलं जेमतेम निम्मं वजन फलकांवर गेलंय. उरलेलं मी दुसऱ्या पोत्यात भरून कोपऱ्यात ठेवलं होतं.

आता काय केलं ते सांगते. १२, १३ आणि १४ क्रमांक घेतलेल्या तिघांना पत्र लिहिलं. नवं चामडं कुठून आणलं, कोणत्या पानाला लावलं, सगळं. पैसे परत घ्या किंवा फलक ठेवा, जसं वाटेल तसं. एकीने फलक परत पाठवला, पैसे दिले. एकाने ठेवला आणि कळवलं, की ते पत्र फलकामागे चिकटवलंय. तिसरं उत्तर अजून आलेलं नाही. १५ ते २० मी स्वतः उसवले. उसवले कसले, डिंक होता, सोलले. पहिल्या अकरा जणांना नवा कागद गेला: वीस जाहीर केले होते, अकराच झाले, कारण गडद हिरवं संपलं. टोकं उचललेले फलक परत मागवलेत, पानांना कडेने टाके घालून देणार आहे.

दोन_सुया दादा, एक मदत हवी. त्या दुसऱ्या पोत्यातले त्रिकोण आणि चंद्रकोरी न कापता, आहेत तशा एकमेकांत अडकवून बघतेय. चिरेत जीभ सरकवायची, एवढंच. सालीच्या चामड्यात छान बसतं. क्रोमच्या मऊ चामड्यात जीभ आपोआप सटकते. आणि तारेच्या रेघेचा तो तुकडा मधोमध घ्यायचाय, त्याला चीर द्यायची हिंमत होत नाही.

दोन_सुया

मऊ चामड्यात चीर जिभेपेक्षा दोन मिलिमीटर अरुंद ठेवा. जिभेचं टोक बाणासारखं थोडं रुंद कापा आणि आत घालताना दुमडून घाला, आत गेल्यावर ते उघडतं आणि परत येत नाही. चिरेच्या दोन्ही टोकांना आधी आरीने गोल भोक पाडा, नाहीतर ओढ बसली की चीर पुढे फाटत जाते.

रेघेच्या तुकड्याला चीर देऊच नका. शेजारच्या तुकड्यांना द्या, आणि त्याच्या चार कोपऱ्यांच्या जिभा करा. म्हणजे तो कुणाला धरणार नाही, बाकीचे त्याला धरतील. झालं की फोटो टाका, मागच्या बाजूचाही.